फास्टक्यू ते व्हीसीएफ: चौथ्या महिन्याची नोंद

मंडळी, संगणकावर डीएनए वाचायला शिकण्याच्या माझ्या छंदाच्या मागच्या नोंदीत टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) फोल्डर उघडणं-मिटणं जमायला लागलं, इथवर आले होते. या महिन्यात पहिल्यांदाच खऱ्या जीवाणूंच्या डीएनएपर्यंत पोहोचले. त्यातला आनंद तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

डेटा हाताळायला शिकवणाऱ्या डेटा कार्पेन्ट्रीच्या मोफत धड्यांसोबत मिळतो तो ई. कोलाय या जीवाणूचा डेटा घेतला आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी सुरू केलेल्या प्रयोगातला. एकाच पूर्वजापासून वाढवलेल्या बारा वसाहती, आणि आपण कालच्या दह्याचं विरजण आज लावतो तसं रोज ०.१ मिलि जुनं द्रावण ९.९ मिलि ताज्या द्रावणात घालायचं. दिवसाला साधारण ६.६४ पिढ्या होतात, आणि दर ५०० पिढ्यांनी थोडे जीवाणू गोठवून ठेवतात. माझ्याकडे त्यातल्या 'आरा वजा ३' या एकाच वसाहतीचे तीन नमुने आहेत: ५,०००, १५,००० आणि ५०,००० पिढ्यांचे.

फास्टक्यू फाईलमध्ये डीएनएचं प्रत्येक रीड, म्हणजे यंत्राने वाचलेला एक छोटा तुकडा, चार ओळींत असतं. पहिली ओळ नावाची, ती @ ने सुरू होते. दुसरीत ए, सी, जी, टी ही अक्षरं. तिसरीत नुसतं + चिन्ह. चौथी ओळ गुणवत्तेची, दर अक्षरामागे एक चिन्ह. रीड्स किती ते मोजायला मी सरळ ग्रेपला, म्हणजे ओळी शोधणाऱ्या कमांडला, सांगितलं, @ ने सुरू होणाऱ्या ओळी मोज. आकडा आला. मग एकूण ओळी मोजून चारने भागलं, तर ताळा जुळेना. ग्रेपचा आकडा जास्त.

दिवसभर ऑफिसात मी हिशेब ताळ्याला लावते, त्यामुळे हा फरक सोडवेना. जेवणं आटोपल्यावर पुन्हा बसले आणि फाईल ओळीओळीने खाली सरकवत वाचली. तेव्हा दिसलं की गुणवत्तेच्या काही ओळीसुद्धा @@@ ने सुरू होतात. कारण साधं आहे. चिन्हाच्या आस्की क्रमांकातून (संगणकात प्रत्येक चिन्हाला असा क्रमांक असतो) ३३ वजा केले की गुणांक मिळतो. @ चा क्रमांक ६४, म्हणजे गुणांक ३१, म्हणजे चुकीची शक्यता हजारात एकाहूनही कमी. तिथे @ चांगल्या वाचनाची खूण आहे, नावाची नव्हे. आणि काही ओळींच्या शेवटी ######## अशी रांग दिसते, तो गुणांक २. त्या अक्षरांपैकी शंभरात ६३ चुकीची असू शकतात. हे कुठेतरी वाचलं असतं तर विसरले असते. स्वतः शोधल्यामुळे आता कुठलीही फाईल आली की आधी वरच्या वीस ओळी डोळ्यांनी बघते.

पुढची पायरी ट्रिमोमॅटिकची, म्हणजे खराब टोकं छाटायची. ५,००० पिढ्यांच्या नमुन्यात रीड्सच्या ११,०७,०९० जोड्या (एकाच तुकड्याची दोन टोकं) होत्या, त्यातल्या ८,८५,२२० जोड्या दोन्ही बाजूंनी टिकल्या. जवळपास ८० टक्के. बाकीचं गेलं त्याचं वाईट वाटलं, पण त्या # च्या रांगा बघितल्यावर हात आखडला नाही.

जुळणी, म्हणजे कुठलं रीड कुठे बसतं ते शोधणं, बीडब्ल्यूए या प्रोग्रामने केली, पूर्वजाच्या जीनोमवर (संपूर्ण डीएनएवर). त्याचं नाव आरईएल ६०६, लांबी ४६,२९,८१२ अक्षरं. माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपला पूर्ण फाईल झेपण्यासारखी नाही, म्हणून धड्यातल्याच छोट्या, छाटून ठेवलेल्या फाईल घेतल्या. मग सॅमटूल्सने जुळलेल्या रीड्सचा क्रम लावला आणि बीसीएफटूल्सने पूर्वजापेक्षा वेगळे बदल शोधले; त्यांची यादी व्हीसीएफ फाईलमध्ये येते, एका ओळीत एक बदल. पहिल्या खेपेला प्लॉइडी (गुणसूत्रांचे संच किती) १ सांगायची राहिली. निकालात काही ठिकाणी ०/१ दिसलं, म्हणजे एक प्रत जुनी, एक नवी. माणसात ठीक आहे. जीवाणूला गुणसूत्राचा एकच संच असतो, त्याच्यात हे कुठून येणार? प्रोग्रामने चूक म्हणून काहीच दाखवलं नव्हतं. जीवशास्त्र ठाऊक असल्याशिवाय ही चूक हाती लागत नाही, आणि मला या छंदात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

दुरुस्त करून पुन्हा चालवलं. ५,००० पिढ्यांना १० बदल, १५,००० ला २५. आणि ५०,००० ला ७६६!

फाईल छोट्या असल्याने पूर्ण डेटावर हे आकडे बदलतील. पण ही उडी खोटी नाही. या वसाहतीत साधारण ३१,५०० पिढ्यांच्या सुमारास हवेच्या सान्निध्यातही सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खाणारे जीवाणू निघाले, आणि त्यानंतर त्यांच्यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या म्युटएस जनुकात बिघाड झाला. दुरुस्तीवालाच गेला, मग चुका साठतच राहिल्या. लोकांनी वर्षानुवर्षं खपून शोधलेली गोष्ट माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका ओळीच्या कमांडने, आकडा होऊन समोर आली. कितीतरी वेळ मी त्या आकड्याकडे बघत बसले होते.

सायट्रेट खाण्याची किल्ली मात्र या ७६६ ओळींत नाही. तिथे अक्षर बदललेलं नाही, तर सीआयटीटी जनुक असलेला २,९३३ अक्षरांचा तुकडा लागोपाठ दोनदा झाला आणि त्या जनुकाला हवेतही चालू राहणारा नवा प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) मिळाला. तुकड्याच्या प्रती वाढल्या तर त्या जागी रीड्सची खोली, म्हणजे एका जागेवर किती रीड्स येतात ते, आजूबाजूपेक्षा दुप्पट किंवा जास्त दिसायला हवी. त्यासाठी पूर्ण फाईल लागेल. भाच्याने त्याचा १६ जीबीचा लॅपटॉप शनिवार-रविवार द्यायचं कबूल केलंय. शुक्रवारी रात्री जुळणी लावून झोपणार आहे. सॅमटूल्सच्या डेप्थचा (खोलीचा) आलेख कुणी काढला असेल तर सरासरी काढायला एकेक खिडकी, म्हणजे जीनोमचा टप्पा, किती अक्षरांची धरलीत, तेवढं सांगा.