कोरोना मॅडम

"मॅडम, सुई टोचल्यावर कोरोना होतो का?"

२५ एप्रिल २०२१, रविवार. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. नंबर माझ्या ओळखीचा नव्हता, पण माझा नंबर तिच्याकडे होता. दहा-बारा दिवसांपूर्वी तिच्या सासूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा घरात कोण कोण आहे, कुणाला ताप आहे, ऑक्सिजन किती दाखवतंय, हे विचारायला मीच फोन केला होता. तेव्हा माझं कामच ते होतं. मूळची मी आयसीटीसीची समुपदेशक, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि नंतर माणसांशी बोलणारी. कंत्राटावरची. कोरोना आल्यापासून आमचा लॅब टेक्निशियन स्वॅबला आणि मी फोनला. खोलीतल्या रजिस्टरचं जे पान पूर्वी एका सकाळीच भरायचं, ते आता आठवडाभर पुरत होतं. एचआयव्ही कुठे गेला नव्हता, माणसं यायची थांबली होती.

म्हटलं, "सुईनं कोरोना होत नाही. पण टोचली कुठे?"

"वॉर्डात. पिशवी बांधताना."

ती एका खासगी कोविड हॉस्पिटलात साफसफाईला होती, ठेकेदारामार्फत. हॉस्पिटलात या बायकांना नाव नसतं, सगळ्याच मावशी. ही मावशी एकोणतीस वर्षांची, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वापरलेली सुई जायला हवी पांढऱ्या, जाड, आरपार टोचणार नाही अशा डब्यात. ही गेली होती पिवळ्या पिशवीत. कोविडचा कचरा दोन पिशव्या एकात एक घालून भरायचा, त्यामुळे गाठ मारताना पिशवी दाबावी लागते. तिनं दाबली आणि सुई पातळ ग्लोव्हमधून अंगठ्यात शिरली. शुक्रवारी, दुपारी साडेतीनला. सुपरवायझर म्हणाला, सॅनिटायझर लाव. तिनं आधी अंगठा पिळून रक्त काढलं, मग त्यावर सॅनिटायझर ओतलं. दोन्ही गोष्टी करायच्या नसतात. साबण आणि वाहतं पाणी, बस. पण त्या वर्षी सॅनिटायझर सगळ्यावरचं औषध होतं.

मी बोटांवर मोजायला लागले. शुक्रवार साडेतीन ते रविवार सव्वासात. जवळजवळ बावन्न तास.

सुई टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या असतात, त्याला आम्ही पीईपी म्हणतो. सुरुवात होईल तितक्या लवकर, खरं तर दोन तासांतच करायची. ७२ तास उलटले की मग देण्यात अर्थ नसतो. हे मी किती ट्रेनिंगमध्ये नर्सना सांगितलंय. मावशींना कुणी त्या ट्रेनिंगला बसवतच नाही.

"आत्ता कुठून बोलताय?"

"जिन्यात आहे."

घरात सासू, दोन मुलं, नवरा कामावर निघण्याच्या तयारीत. म्हणजे तिनं फक्त हो-नाही म्हणावं, बोलायचं मी. सांगितलं, सुई एचआयव्ही असलेल्या माणसाची असली तरी हजारात साधारण तिघांनाच लागण होते. ही कुणाची होती ते कळायला मार्ग नाही. पिशवीत अख्ख्या वॉर्डाचा कचरा होता. बराच वेळ नुसता जिन्यातल्या पोरांचा आवाज येत राहिला.

मग म्हणाली, "मला वाटलं कोरोनाच सगळ्यात वाईट."

आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते स्वतः कोविड वॉर्डात होते. "पहिला डोस आज द्या, टेस्ट आणि कागद उद्या." मी ओळखपत्र गळ्यात घातलं, स्कूटर काढली. नाशिकच्या त्रिमूर्ती चौकात ती थांबली होती, डोळ्यांखेरीज काही दिसू नये असा स्कार्फ बांधून. घरी सांगून आली होती की दवाखान्यातून सासूबाईंच्या गोळ्या न्यायला बोलावलंय. मुंबई नाक्याला पोलिसानं अडवलं, ओळखपत्र पाहिलं, मागे बसलेल्या बाईकडे पाहिलं. मी म्हटलं, इमर्जन्सी. त्या महिन्यात हा शब्द फार विचारपूस न होता चालायचा.

सरकारी दवाखान्याच्या गेटशी आल्यावर मात्र ती आत येईना. ऑक्सिजन गळतीत माणसं गेली त्याला जेमतेम चार दिवस झाले होते; सबंध नाशिक दवाखान्याच्या नावाला भ्यायलं होतं. आणि ती तर रोज कोविड वॉर्ड पुसणारी! "तिथं पगार मिळतो," म्हणाली, "इथं कशाला मरू?" मी तिला झाडाखाली उभं केलं आणि एकटीच आत गेले.

पीईपीच्या गोळ्या कॅज्युअल्टीत चोवीस तास ठेवलेल्या असतात. ठेवलेल्या होत्याही. पण कपाटाची किल्ली ज्या सिस्टरकडे, त्यांची ड्युटी बदलून वरच्या मजल्यावर लागली होती, आणि पीपीई किट चढवलेलं माणूस किल्ली द्यायला खाली उतरत नाही. दोष तरी कुणाला द्यायचा? खाली स्ट्रेचर लागलेले, नातेवाईक सिलिंडरचे काटे बघत बसलेले. त्या गर्दीत मी एका धडधाकट बाईसाठी, एका गोळीसाठी भांडत होते. माझी मलाच लाज वाटत होती. शेवटी एका वॉर्डबॉयनं वरून किल्ली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीतून टाकली.

नऊ वाजून चाळीस मिनिटं. माझ्याच बाटलीतलं पाणी दिलं. गोळी घ्यायला तिनं स्कार्फ सोडला, मास्क खाली ओढला. तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा दिसला. नाकात चमकी, आणि मास्कच्या दोरीनं गालावर पडलेला काळा वळ.

दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या. एचआयव्ही नाही, कावीळ बी आणि सी नाही. हिपॅटायटिस बीची लस तिला कधीच दिली नव्हती, आणि सुईतून ती कावीळ एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरते. तीही लस सुरू केली.

खरी पंचाईत होती ती पुढच्या २८ दिवसांची. गोळ्यांची बाटली हलवली की खुळखुळते. दोन खोल्यांच्या घरात, कुणी ना कुणी चोवीस तास घरी, कुठे लपवणार? मी उपाय शोधत बसले होते, तिनं तो एका दिवसात काढला. बाटली सरळ फडताळात ठेवली, सासूच्या झिंक आणि व्हिटॅमिन सीच्या शेजारी, होमिओपॅथीवाल्या अर्सेनिकच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या मागे. त्या उन्हाळ्यात घरोघरी सगळेच काही ना काही गिळत होते, कोण कुणाला विचारणार? सुरुवातीला तिला मळमळायचं, तेही कोरोनाच्याच खात्यावर गेलं. तपासण्या पूर्ण होईपर्यंत नवऱ्यासोबत कंडोम वापरायला सांगितलं होतं. फोनवर हळूच हसली. "कशाला मॅडम? मी त्यांना सांगितलंय, वॉर्डात काम करते, लांब झोपा."

रोज रात्री नऊला मी मिस कॉल द्यायची, गोळी घेतली की ती उलट मिस कॉल द्यायची. तिच्या फोनमध्ये माझं नाव 'कोरोना मॅडम'. बदलू नका, मीच म्हटलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शहर जरा उघडल्यावर, ती सहा आठवड्यांच्या टेस्टला आली. निगेटिव्ह. अजून तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याची बाकी आहे, हे मी सांगत असताना तिनं पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. बाटलीत गोळ्या तीस असतात.

"या दोन उरल्या. आमच्यातल्या कुणाला लागल्या तर?"

म्हटलं, दोन गोळ्यांनी भागत नाही, त्यापेक्षा माझा नंबर द्या. ती म्हणाली, तो केव्हाच दिलाय.