बाटलीवरचा बारीक मजकूर

आज लेकीच्या तापासाठी पॅरासिटामॉलचे सिरप घेताना दोन बाटल्या शेजारी धरून लेबले वाचली आणि नामांकित कंपनीच्या सिरपमधले औषध तितक्याच प्रमाणात जेनेरिकमध्येही असल्याची खात्री झाल्यावरच स्वस्त बाटली घेतली. मात्र 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम औषध आहे की 250, हे पाहिल्याशिवाय बाटली बदलू नये, कारण माप तेच राहिले तरी पोटात औषध दुपटीहून अधिक जाऊ शकते. मुलांची मात्रा वजनावरून ठरवणे अधिक अचूक असते. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा मी सिरिंजनेच मोजते, घरातल्या चमच्याने कधीच नाही. सर्दीच्या मिश्र औषधांतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, म्हणून सर्दीच्या औषधाची वेगळी बाटली घेतलीच नाही. दुहेरी मात्रेचा धोका टळला आणि तेवढा खर्चही वाचला.