किंमत उभी, नग आडवे

परवा दुपारी भाचीची वही जेवणाच्या टेबलावर उघडीच राहिली होती. लोणच्याची बरणी तिच्यावर टेकू नये म्हणून मी ती उचलली, एवढंच. वाचायचा काही हेतू नव्हता. पण पानभर एकच आकृती होती. एक उभी रेघ, एक आडवी, आणि दोघींच्या कुशीत डावीकडून उजवीकडे घसरगुंडीसारखी उतरणारी तिसरी. मागणी वक्र! किंमत वाढेल तशी मागणी घटते हे दाखवणारी रेघ. इतक्या वर्षांनी दिसला तरी लगेच ओळखला. शेजारी लाल शाईची फुली होती.

फुली कशाची ते कळायला जरा वेळ लागला. पोरीने किंमत आडव्या अक्षावर घेतली होती आणि नग उभ्यावर.

"पण मावशी, बरोबरच आहे ना ते?" ती आतून केस पुसत आली. "किंमत बदलली म्हणून मागणी बदलते. जे आधी बदलतं ते आडवं, त्याच्यामुळे जे बदलतं ते उभं. बारावीपर्यंत गणितात हेच तर करत आलो."

"बरोबर आहे. पण इथे किंमत उभी, नग आडवे. तसंच असतं."

"का पण?"

हा 'का' मी १९९१ साली गिळला होता.

भाची इंदूरची. यंदा इथे बडोद्याला अर्थशास्त्र घेऊन पहिल्या वर्षाला आली आणि माझ्याकडेच राहते. पहिला पंधरवडा तिने इंदूरच्या पोह्यांच्या आठवणीत काढला. इथे पोहे मिळत नाहीत असं नाही, पण त्यावर शेव हवी तशी नाही, जिरावण मसाला नाही, शेजारी जिलबी नाही, आणि मुख्य म्हणजे पोहे विकणारा माणूस इंदुरी नाही. मग एका संध्याकाळी मैत्रिणींनी तिला शेव-उसळ खायला नेलं. त्यानंतर पोह्यांचा विषय घरात निघालेला नाही. पहिल्या वर्षात रुळणं म्हणतात ते हेच असावं. लोक उगाच अभ्यासक्रमाबद्दल बोलतात.

मी स्वतः रुळले ती फार हळू. आमचं घर तेव्हा दांडिया बाजारात होतं. तिथून सायकलवर कोठी, कोठीवरून विश्वामित्रीचा पूल, पुलावर एक पाय टेकवून खाली मगर दिसते का ते बघायचं, मग काळा घोडा, आणि मग तो घुमट. आमच्या आर्ट्स फॅकल्टीचा. चिझम नावाच्या साहेबाने सयाजीरावांच्या बडोदा कॉलेजसाठी उभारलेला. वर पारवे, खाली आम्ही. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि वर्गात इंग्रजी, असे दिवसाचे तीन तुकडे. मराठी शाळेतून आलेल्या मला तिसरा तुकडा गिळता गिळेना. सर प्रत्येक नियमाच्या आधी 'सेटेरिस पॅरिबस' म्हणत. हे कुणा ग्रीक अर्थतज्ज्ञाचं नाव आहे, आणि त्याने बहुतेक सगळंच शोधून ठेवलेलं दिसतंय, अशी माझी तीन आठवडे समजूत होती. वहीत मी त्याचं नाव आदराने अधोरेखित करत असे.

पुढे पुण्याच्या आत्याकडून मराठी पाठ्यपुस्तक आलं तेव्हा उलगडा झाला. 'इतर परिस्थिती कायम असताना.' इतर परिस्थिती कायम असताना, वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते. केवढं सुंदर वाक्य! आमच्या घरात ते लगेच चालू झालं. बाबा म्हणायचे, "इतर परिस्थिती कायम असताना मी सहाला घरी येईन." ते साडेसातला येत.

परिस्थिती मात्र त्या महिन्यात अजिबात कायम नव्हती. जुलैच्या १ तारखेला रुपया उतरवला, दोन दिवसांनी ३ तारखेला पुन्हा उतरवला. एकविसाच्या आसपासचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला. देशाकडे परकीय चलन उरलं होतं ते जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. २४ तारखेला मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला, आणि उद्योगांना सरकारी परवाना लागण्याच्या ज्या पद्धतीवर आम्हाला पुढल्या सत्रात निबंध लिहायचे होते ती बरीचशी त्याच दिवशी गेली. नोट्स मात्र जुन्याच होत्या. सर फळ्यावर संत्री काढत होते. पहिल्या संत्र्याची उपयोगिता, म्हणजे त्यातून मिळणारं समाधान, सर्वात जास्त, दुसऱ्याची कमी, तिसऱ्याची आणखी कमी. बाहेर देश बदलत होता आणि आम्ही चौथ्या संत्र्यावर होतो.

या संत्र्यांवर माझा तेव्हाही राग होता, आजही आहे. ज्याने हा नियम केला त्याने बडोद्यात शेव-उसळ खाल्लेली नाही. पाव संपतात तेव्हा रस्सा उरलेला असतो, म्हणून पाव घ्यायचे. रस्सा संपतो तेव्हा पाव उरलेले असतात, म्हणून रस्सा मागायचा. तो संपेपर्यंत शेव भिजून गेलेली असते, मग वरून कोरडी शेव. यात उपयोगिता घटते कुठे? माणूस उठतो तो तृप्त होऊन नव्हे, मागे उभे असलेले लोक खाकरायला लागतात म्हणून.

मी मोठ्याने वाचून पाठ करायची. झोपाळ्यावर आजी असायची, कान थोडे जड. एकदा मी घोकत होते, "मागणी वाढली, मागणी घटली, मागणी बदलली..." आजी झोपाळा थांबवून म्हणाली, "कुणाची मागणी आली गं? आणि घटली म्हणजे? हुंडा मागतात का?"

तिला समजावून सांगितलं. मागणी म्हणजे बाजारातली, ग्राहकाची. आणि दुसऱ्या बाजूला पुरवठा. तिने नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "त्यात शिकायचं काय? मागणीला काय, तोंड आहे तोवर मागणी आहे. पुरवायचं कसं ते शिकवतात का तुमचे सर?"

पुरवायचं. पावशेर तूप महिनाभर पुरवायचं, एक पातळ दोन दिवाळ्या पुरवायचं, पाहुणे आले की आमटी पुरवायची. (हे शेवटचं कसं करतात ते सांगायला नको.) माझ्या पुस्तकातला पुरवठा म्हणजे विकणाऱ्याने आणलेला माल, आजीचा पुरवठा म्हणजे घरात आहे त्यात भागवणं. शब्द एकच. पुस्तकातल्या पुरवठ्याची रेघ वर जाते. आजीच्या पुरवठ्याची रेघ कुणी काढलेली नाही. काढली तर ती आडवीच जाईल, महिनाअखेरीला जरा थरथरत.

बाजारात मात्र आजी खरी मार्शलची, त्या इंग्रज अर्थतज्ज्ञाची, चेली होती. खंडेराव मार्केटला ती कधी सकाळी जात नसे. दिवे लागायच्या सुमाराला निघायची. कोथिंबीर पाठीमागे पोत्यावर पसरलेली, कडा सुकत आलेल्या, विकणारीला घराची ओढ लागलेली. आजी भाव विचारतच नसे. जुडी उचलायची, उलटीसुलटी करायची आणि आपणच आकडा सांगायची. ती बाई कपाळावर हात मारायची आणि द्यायची. "एवढा माल आहे, आता बोल कितीला देतेस" असा तो व्यवहार. नग ठरलेले, किंमत हलणारी.

आणि मार्शलने नेमकं हेच धरलं होतं. मागणीचा वक्र कागदावर आणणारा फ्रेंच कूर्नो, १८३८ साली, त्याने किंमत आडवीच घेतली होती, माझ्या भाचीसारखी. मार्शलने ती उभी केली. गणितात कच्चा म्हणून नव्हे, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आलेला माणूस. त्याचा प्रश्न आजीचा होता: इतका माल समोर आहे, तर गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती मोजेल? मग नग आधी येतात, आडवे, आणि किंमत त्यांच्यामागून उभी राहते. त्याचं १८९० चं पुस्तक सगळीकडे लागलं. पुढे शिकवणारे पुन्हा 'किंमत बदलली की मागणी बदलते' असंच म्हणू लागले, पण आकृती कुणी फिरवली नाही. सासऱ्यांनी एकदा कपाट जिथे ठेवलं तिथेच राहतं, त्यातला प्रकार.

हे सगळं मला कळलं ते पदवी हातात पडल्यावर बऱ्याच वर्षांनी. पहिल्या वर्षी मी फक्त पाठ केलं. किंमत उभी, नग आडवे. पायऱ्या चढताना म्हणायचे. आणि नवरात्र आल्यावर तेही सोडलं, कारण नवरात्रात बडोद्यात अभ्यास करतो असं म्हणणारा माणूस एकतर खोटारडा किंवा आजारी.

त्या जुलैतली आणखी एक दुपार आठवते. देशाचं सोनं परदेशी गहाण टाकल्याची बातमी फुटली होती. जवळजवळ ४७ टन, विमानाने, बँक ऑफ इंग्लंडकडे. घरात सुतक असल्यासारखी शांतता. बाबा बँकेतले. (आमच्या आळीत दर दुसऱ्या घरातला एकजण बँकेत असायचाच. सयाजीरावांनी १९०८ साली मांडवीत बँक काढली ती जणू आम्हाला नोकऱ्या लागाव्यात म्हणूनच.) ते वर्तमानपत्र घडी करून, पुन्हा उघडून वाचत होते. आजीने मला बातमी मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, "गहाणच टाकलंय ना? विकलं नाही ना?"

"गहाण."

"मग सुटेल."

आणि झोपाळा चालू. तिच्या पाटल्या तीनदा सराफाकडे जाऊन आल्या होत्या. एकदा आजोबांच्या आजारपणात, एकदा काकाच्या इंजिनिअरिंगच्या फीला. तिसऱ्यांदा कशासाठी ते ती सांगत नसे. २०२४ साली रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधलं शंभर टन सोनं घरी आणल्याचं वाचलं तेव्हा मी उगाच झोपाळ्याच्या कड्यांकडे पाहिलं. कड्या आहेत अजून.

भाचीला हे सगळं सांगितलं का? नाही. तिला एवढंच सांगितलं की तू कूर्नोच्या बाजूची आहेस, पण मार्क मार्शल देतो. ती हसली, खोडरबर शोधायला लागली. मग म्हणाली, "आमच्या सरांनी सांगितलं, आंबेडकरांनाही अर्थशास्त्र शिकायला इथूनच पाठवलं होतं."

खरं आहे. १९१३ साली, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, न्यूयॉर्कला. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी पुढे लंडनला प्रबंध लिहिला. पण मधलं १९१७ साल? करारानुसार नोकरी करायला ते बडोद्याला आले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, दिवसाला दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. दोन मित्रांकडे विचारलं, दोघांनी टाळलं. मुंबईची गाडी रात्री होती, पाच तास काढायचे होते. ते त्यांनी कमाटी बागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

खोली हवी होती. पैसे द्यायची तयारी होती. शहरात खोल्या होत्या. भाचीच्या वहीतल्या आकृतीत, अक्ष कसेही फिरवले तरी, हे बसवता येत नाही. ते 'इतर परिस्थिती'त येतं. कायम असलेल्या.

कमाटी बाग तिच्या रोजच्या रस्त्यावर आहे. माझ्याही. ते ज्या वडाखाली बसले होते असं सांगतात, त्याच्या जवळून संध्याकाळी जाताना आसपास कुणी ना कुणी बसलेलं असतं, बहुतेक कॉलेजची मुलं, मांडीवर वही, हातात शेंगदाण्याची पुडी. अर्धा तास, फार तर तास बसतात आणि उठतात. पाच तास कुणी बसलेलं मी अजून पाहिलं नाही.