डुक्कर मारायला खर्च किती येते?

पहाटे पाचच्या आत लाईनमनला फोन आला की समजायचं एकतर डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, नाहीतर कोणाची तरी मोटार चालू होत नाही आणि त्याला वाटतं मी त्याच्या विहिरीवरच झोपलोय. त्या दिवशी ४ वाजून ४१ मिनिटांनी फोन आला. वेळ पक्की आठवते कारण नंतर पोलिसांनी माझ्या मोबाईलवरून ती लिहून घेतली आणि मीही नंतर ती शंभरदा बघितली.

"भाऊ, लाईन बंद करा. लवकर बंद करा."

पोराचा आवाज. मी विचारलं कोण बोलतोय, कोणता गाव, कोणती डीपी. तो म्हणे बंद करा न जी, लवकर. आता दिवसाला असे वीस फोन येतात, कोणाला मोटारीचं केबल जोडायचं असतं, कोणाला झाड तोडायचं असतं, आणि एकाच्या सांगण्यावरून फीडर, म्हणजे अख्ख्या भागाची लाईन, पाडला की बाकीचे शंभर जण आईबहीण काढतात. म्हणून मी सवयीप्रमाणे विचारत बसलो. शेवटी त्याने शेताचं नाव सांगितलं, तेव्हा कळलं हा कोणाचा मुलगा आणि कोणती डीपी. "काय झालं ते तं सांग," म्हटलं तर गप्प. मग एकदम म्हणाला, "हात हालते अजून."

मी सबस्टेशनला फोन लावला. दोनदा वाजून कटला. ऑपरेटर कंत्राटी पोरगा, दुसऱ्याची पण ड्यूटी त्याच्याच गळ्यात, सलग सोळा तास बसलेला, त्याला मी तेव्हाही शिव्या घातल्या नाहीत आणि आताही घालत नाही, ज्यांनी तीन माणसांच्या जागी दीड माणूस ठेवला ते कधी पहाटे फोन उचलत नाहीत. तिसऱ्यांदा उचलला. लॉगबुकात फीडर बंद केल्याची वेळ ४:५२.

अकरा मिनिटं.

हे चंद्रपूर जिल्ह्यातलं धानपट्ट्यातलं गाव, नाव नाही लिहीत. २०१९ चा नोव्हेंबर. त्या वर्षी परतीचा पाऊस संपता संपेना, दिवाळी चिखलातच गेली, धान कापायला आलेला पण बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, अजून पाणी. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा आठ तास आणि एक आठवडा रात्री दहा तास लाईन असायची. तो आठवडा रात्रीचा होता. बाहेरच्याला हे सांगावं लागतं, कारण शहरात लोकांना वाटतं लाईट म्हणजे चोवीस तास. आमच्याकडे रात्रपाळीचा आठवडा म्हणजे शेतकऱ्याने अंधारात, वाघाच्या भागात, चिखलातून मोटार चालू करायला जायचं. आणि ज्याला तारेत करंट सोडायचा त्याच्यासाठी तोच आठवडा सोयीचा.

मी गाडी काढली. नऊ किलोमीटर. आधी डीपीवर गेलो, एबी स्विच, म्हणजे डीपीची लाईन तोडायचा खटका, खाली ओढला, तिन्ही पाती सुटलेली बॅटरी मारून बघितली, कुलूप लावलं. फीडर बंद आहे असं फोनवर कळलं तरी मी हे करतोच, कारण लोकांच्या शिव्या ऐकून कोण कधी परत चालू करेल सांगता येत नाही. माझ्या सोबतचे दोन जण असेच गेलेत, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून. मग टेस्ट लॅम्प घेऊन शेतात.

सगळं समोरच होतं. एलटी लाईनच्या, म्हणजे डीपीवरून मोटारींना जाणाऱ्या लाईनच्या, एका फेजवर आकडा, तिथून तार खाली, आणि मग बांधीच्या तिन्ही बाजूंनी जमिनीपासून वीतभर उंचीवर ओढलेली. बांबूच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. एवढं सफाईदार काम आमच्या ठेकेदाराच्या पोरांकडूनही होत नाही, खरं सांगतो. तारेला पीळ नाही, झोळ नाही, प्रत्येक खुंटी दोन पावलांवर. वीतभर का, तर डुकराचं थोबाड तिथं लागतं. माणसाची पिंढरीही तिथंच लागते.

डुक्कर धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे पडलेलं होतं, मोठा नर. त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर शेजारच्या शेताचा मालक. तोही रात्री जागलीला होता, स्वतःच्या धानासाठी. डुक्कर पडलेलं दिसलं म्हणून बघायला आला असेल, किंवा तंबाखू मागायला, किंवा नुसता घरी निघाला असेल. पायात चप्पल नव्हती, चिखलात कोण घालतो.

लोकं मला विचारतात, फ्यूज कसा नाही उडाला? शिकलेली लोकं पण विचारतात. तर ऐका. ती डीपी ६३ केव्हीएची, फेजला ८०-८५ अँपिअर जातो. माणूस मरायला एका अँपिअरचा दहावा हिस्सा झाला तरी खूप झाला. म्हणजे अख्खा माणूस तारेवर जळत असला तरी डीपीला ते एक बल्ब लावल्यासारखं आहे. त्यातून आमच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूज बसवायच्या डबीत, फ्यूज वायर असते कुठं, लोकांनी अॅल्युमिनियमच्या तारेचे दोन-तीन पदर घातलेले असतात, कारण खरा फ्यूज घातला की रोज उडतो आणि तो घालायला मलाच जावं लागतं, म्हणून मीही बघून न बघितल्यासारखं करतो. ११ केव्हीवर, म्हणजे डीपीच्या आधीच्या मोठ्या लाईनवर, आकडा टाकला तर गोष्ट वेगळी, तिथं अर्थ फॉल्टला ब्रेकर ट्रिप होतो, सबस्टेशनला कळतं. करंटने वाघ मेले तेव्हापासून रात्री फीडर ट्रिप झाला की फॉरेस्टवाल्यांना कळवायचं असं आम्हाला सांगितलेलं आहे. पण एलटीवरचा आकडा कोणाला कळत नाही. सबस्टेशनच्या पॅनलवर काटासुद्धा हलला नसेल.

आता ते सांगतो ज्यासाठी हे लिहायला बसलो.

ज्यांनी तार लावली ते काकाजी माझ्या ओळखीचे. ओळखीचे म्हणजे, ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीच्या आधी, चौकातल्या टपरीवर त्यांनी मला विचारलं होतं, "साहेब, डुक्कर मारायला खर्च किती येते?" मी लाईनमन, पण गावात सरकारी टोपीवाला कोणीही दिसला की त्याला सगळ्या खात्याचं विचारायचं. आणि मलाही हुशारी दाखवायची हौस. मी सगळं समजावून सांगितलं. २०१५ चा जीआर आहे, शेतातलं डुक्कर मारायची परवानगी रेंज ऑफिसमधून मिळते, अर्ज करायचा, सातबारा जोडायचा. ते म्हणाले, "परवानगी तं भेटल, मारल कोन?" हा खरा प्रश्न होता. परवानगी कागदाला मिळते, डुक्कर बंदुकीने मरतं. आजूबाजूच्या पाच गावांत लायसनची बंदूक एकाकडे, आणि २१ तारखेच्या विधानसभेसाठी ती ठाण्यात जमा. परत मिळेपर्यंत धान उरतो का? मिळाली तरी तो बंदूकवाला काय फुकट रात्र काढणार, त्याला काडतुसाचे पैसे, जाण्यायेण्याचं पेट्रोल, कोंबडं. आणि डुक्कर पडलं तरी ते फॉरेस्टवाले ताब्यात घेऊन विल्हेवाट लावतात, तुम्हाला तुकडा मिळत नाही.

मग नुकसान भरपाई. तेव्हाचा हिशोब असा, दोन हजारापर्यंतचं नुकसान पूर्ण, त्यावर दहा हजारापर्यंत अर्धं, त्याच्या वर तीस टक्के. म्हणजे दहा हजाराचं खाल्लं तर सहा हजार. तेही तीन दिवसांत अर्ज केला, पंचनाम्याला सगळे साहेब एका दिवशी हजर झाले आणि त्यांनी तुडवलेलं धान मोजून घेतलं तर. डुक्कर खातं कमी, लोळतं जास्त, आणि लोळलेला धान चार दिवसांत पावसाने पडल्यासारखाच दिसतो, मग साहेब म्हणतात हे तर पावसाचं आहे, दुसऱ्या खात्याकडे जा. त्या वर्षी तर पाऊसही होताच.

सोलर कुंपणाचं पण सांगितलं, वनखात्याच्या जन-वन योजनेतून ७५ टक्के अनुदान, पण कमाल १५ हजार, आणि गाव यादीत पाहिजे. ती मशीन सतत करंट सोडत नाही, झटका मारते, सेकंदाला एक ठोका, जनावर पळतं पण मरत नाही. काकाजी सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे सगळ्यात सस्तं..." आणि पुढं बोललेच नाहीत, सुपारी तोंडात टाकली. ते काय बोलणार होते ते मला कळलं होतं. दोन-अडीच किलो जीआय तार, दीड-दोनशे रुपये. बांबू घरचा, ट्यूब जुनी. करंट फुकट.

मला कळलं होतं म्हणतोय, कारण आदल्या वर्षी, २०१८ च्या हंगामात, त्यांच्याच शेतात मी आकडा पकडला होता. दिवसा, लाईन चेक करताना. आकडा काढलेला नव्हता, विसरले होते. मी तो काढला, तार गुंडाळली, आणि काकाजींना बांधीत उभं करून झाडलं. कलम १३५, वीजचोरी, तीन वर्षं आत जाल, पुढच्या वेळी सोडणार नाही, पहिला फोन पोलिसांना करीन. ते हात जोडून उभे, त्यांचा पोरगाही, तोच फोन करणारा, बाजूला उभा, तेव्हा अकरावीला असेल. रिपोर्ट मी केला नाही. रिपोर्ट केला की पंचनामा, वरून असेसमेंट, मग कोर्टाच्या तारखा, आणि त्या गावात मला पुढची दहा वर्षं खांबावर चढायचं आहे. तार गाडीला बांधून घरी आणली. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी दोन पायल्या एचएमटी तांदूळ आला. मी परत नाही पाठवला.

तर ती अकरा मिनिटं. त्या पोराने पहिल्याच वाक्यात आकडा म्हटलं असतं तर मी सबस्टेशनला फोनच केला नसता. मी म्हटलं असतं, कोरडा बांबू घे, आकडा ढकल, माणसाला हात लावू नको. अर्धा मिनिट लागला असता. रोज पहाटे उजाडायच्या आत तोच तर आकडा काढायला जायचा, त्यासाठीच गेला होता, बांबू त्याच्या हातातच होता. पण त्याच्या डोक्यात मी उभा होतो. पहिला फोन पोलिसांना करीन म्हणणारा. म्हणून तो नुसतं लाईन बंद करा म्हणत राहिला. घाबरून हात चालत नव्हते असं त्याने नंतर सांगितलं, ते पण खरंच असेल.

पोस्टमॉर्टेमचे डॉक्टर म्हणाले लगेच गेला असणार, चिखल होता, छातीतून गेला. मी विचारलं, पोरगा म्हणत होता हात हलतो. ते म्हणाले करंट चालू असेपर्यंत हलू शकतो, त्याचा जिवंत असण्याशी संबंध नाही. "शकतो" म्हणाले. मी त्या एका शब्दावर सहा वर्षं बसलोय.

काकाजींवर ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवध, लागलं आणि १३५ पण. विद्युत निरीक्षक आले, मोजमाप घेतलं, चांगला माणूस, फोटो व्यवस्थित काढले, आमच्या किटकॅटचेही काढले. फॉरेस्टवाले आले ते आधी डुकराकडे गेले. यात त्यांची चूक नाही म्हणा, त्यांचं काम तेच, पण बघायला कसंतरी वाटलं, एका बाजूला डुकराचा पंचनामा आणि एका बाजूला माणसाचा, टेप एकच, आधी इकडे मग तिकडे. मेलेल्याच्या बायकोला वीज कंपनीकडून काही नाही, कारण जोडणी बेकायदेशीर. फॉरेस्टकडूनही नाही. डुकराने मारलं असतं तर लाखांत भरपाई होती, तारेने मारलं म्हणून शून्य. हे तिला समजावून सांगायचं काम पण गावाने माझ्यावरच टाकलं, कारण मी खर्चाचं समजावण्यात हुशार.

माझा जबाब झाला. हवालदाराने शेवटी विचारलं, याआधी सदर इसमाकडे असं काही आढळलं होतं का? मी म्हटलं, नाही. त्याने "नाही" लिहिलं, मी सही केली.

ती तार तेव्हा माझ्या अंगणात वालाच्या मांडवाला होती. घट्ट ओढली की वर्षानुवर्षं झोळ पडत नाही, माल चांगला होता.

जानेवारीत काकूंचा फोन आला, मोटार चालत नाही, एक फेज गेला. काकाजी तेव्हा आतच होते, जामीन व्हायचा होता. गेलो, किटकॅट बघितला, या वेळी फ्यूज वायरच घातली, बरोबर मापाची, म्हटलं रोज उडाली तरी चालेल, येईन. धानाच्या बांधीत हरभरा पेरलेला. वरच्या कोपऱ्यातला अर्धा पट्टा नांगरल्यासारखा उकरलेला, खुरांचे ठसे ताजे. काकू तिथंच उभ्या होत्या. पोरगा शेतात येत नाही म्हणाल्या, नागपूरला कंपनीत लागला. मग त्यांनी सोलरच्या मशीनचं विचारलं, फॉर्म कुठं भेटते, आपल्या वाट्याचे किती भरावे लागते. मी सांगितलं. त्यांनी बोटावर हिशोब केला.

"मशीन संग तार देत नाई म्हणते जी. तार आपलीच लागते."

"हो, तार वेगळी घ्यावी लागेल."

"मागल्या साली तुमी गुंडाळून नेली होती न," काकू म्हणाल्या, "ते हाय का अजून?"