सह्यांचा फॉर्म शेवटी बघू म्हणणाऱ्यांसाठी

परवा कार्बन क्रेडिटच्या एका नवीन प्रोजेक्टचे पेपर चाळत बसले होते. दीडशे-दोनशे पानांचं डिझाइन डॉक्युमेंट, बेसलाइनची एक्सेल, मॉनिटरिंग प्लॅन, सगळं एकदम चकाचक, आणि फोल्डरच्या तळाशी एक फॉर्म, निम्मे रकाने कोरे, वर पिवळ्या रंगात लिहिलेलं, 'हे फक्त सह्यांचं आहे, शेवटी बघू'. पोटात गोळाच आला. कारण हा 'फक्त सह्यांचा' कागद काय करू शकतो ते मी सात आठवडे भोगलंय.

ज्यांना या लाइनमधलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९७ च्या क्योटो कराराच्या कलम १२ मधून सीडीएम, म्हणजे क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम आलं, म्हणजे एखाद्या प्रोजेक्टमुळे जेवढं उत्सर्जन कमी झालं त्याचे क्रेडिट मिळणार, एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक सीईआर (सर्टिफाइड एमिशन रिडक्शन). वर एक्झिक्युटिव्ह बोर्ड, १० सदस्य आणि १० पर्यायी सदस्य, आणि रोजचा कारभार बघणारं सचिवालय जर्मनीत बॉनला. आता एका प्रोजेक्टमध्ये प्लांटवाला असतो, पैसे घालणारा असतो, क्रेडिट विकत घेणारा असतो, कधी चार-पाच पार्टिसिपंट. यातल्या कुणाचं पत्र बॉनने खरं मानायचं? तेच ठरवणारा कागद म्हणजे मोडॅलिटीज ऑफ कम्युनिकेशन, आमच्या भाषेत एमओसी. सगळ्या पार्टिसिपंट्सनी सह्या करून सांगायचं की आमच्या वतीने हा फोकल पॉइंट बोलणार.

आणि हे 'बोलणं' तीन कप्प्यांत वाटलेलं असतं. पहिला कप्पा, मिळालेले सीईआर कुणाच्या खात्यात पाठवायचे ते सांगणं. दुसरा, पार्टिसिपंट किंवा फोकल पॉइंट वाढवणं-काढणं, कंपनीचं नाव, पत्ता, सह्या बदलणं. तिसरा, बाकी सगळं. प्रत्येक कप्प्याला फोकल पॉइंट सोल, शेअर्ड किंवा जॉइंट. सोल म्हणजे एकच कंपनी. शेअर्ड म्हणजे दोघं-तिघं असले तरी कुणा एकाची सही चालते. जॉइंट म्हणजे सगळ्यांच्या सह्या हव्यात, एकाची राहिली तर पत्र परत. बँकेच्या जॉइंट खात्यासारखंच, फक्त इथे मॅनेजरला जाऊन भेटता येत नाही.

पहिल्या कप्प्याकडे बघा जरा. क्रेडिट इश्यू झाले की ते थेट तुमच्या खात्यात पडत नाहीत, आधी क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीच्या पेंडिंग अकाउंटमध्ये जातात आणि तिथून हलवायचे तर या कप्प्याच्या फोकल पॉइंटची रिक्वेस्ट लागते. म्हणजे तिजोरीची किल्ली ती हीच. म्हणूनच खरेदीदार गोड बोलून म्हणतो की पहिला कप्पा आमच्याकडे सोल द्या, तुमचा ताप वाचेल. ताप वाचतो हो, पण मग तुमच्याच क्रेडिटसाठी तुम्ही त्याच्या मागे फिरता. तुमच्या आपसातल्या विक्री करारात काय लिहिलंय, कुणी कुणाचे पैसे दिले नाहीत, ही भांडणं सचिवालय सोडवत बसत नाही, ते एमओसीवर काय आहे तेवढंच बघतं.

आता माझी कथा. दोन कंपन्या, तिन्ही कप्पे जॉइंट, कारण दोघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता (हे कुणी बोलत नाही पण जॉइंटमागचं कारण बहुतेकदा हेच असतं). क्रेडिट इश्यू झाले, पेढे वाटून झाले, फॉरवर्डिंगची रिक्वेस्ट गेली आणि परत आली. का, तर समोरच्या कंपनीतले ज्यांचं नाव प्रायमरी सिग्नेटरी म्हणून होतं ते साहेब कधीच नोकरी सोडून गेलेले, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरने बिनधास्त सही ठोकली होती. हुद्दा तोच, खुर्ची तीच, पण फॉर्मवर त्याचं नावच नाही, मग त्याच्या सहीला किंमत शून्य. बरं, अल्टरनेट सिग्नेटरी असतो, आणि दोघांपैकी कुणाचीही एक सही कंपनीसाठी पुरते, म्हणून अल्टरनेटला गाठलं. त्यांनी सही केली, तीही परत. नमुना सही पूर्ण नावाची, आडनावाखाली लांब रेघ ओढून दोन टिंबं दिलेली, आणि आता ते नुसतं इनिशियल मारतात!

तिसऱ्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर त्यांची जुनी सही स्क्रीनभर मोठी करून दाखवली आणि तो माणूस, पन्नाशी पार केलेला, रफ कागदावर आपलीच सही गिरवत बसला, शुद्धलेखन केल्यासारखा. 'मॅडम, रेघ जमली, टिंबं विसरलो' म्हणे. पाचव्या कागदावर जमलं.

आपण म्हणाल, सरळ नव्या मॅनेजरचं नाव का नाही घातलं? कारण ते दुसऱ्या कप्प्यातलं काम, आणि दुसरा कप्पाही जॉइंट, म्हणजे सही बदलायला परत त्याच सह्या. वर नवा माणूस खरंच कंपनीत आहे आणि सही करायचा अधिकार त्याला आहे याचे कागद वेगळे. खरेदीदाराचा रोज फोन, सकाळी साडेनऊला, जेवणाआधी वाजणाऱ्या घंटेसारखा.

लोक डीओईवर पण वैतागतात, म्हणजे जी त्रयस्थ संस्था तपासणी करते तिच्यावर. ओळखीचा पुरावा कशाला, नोकरीत असल्याचं पत्र कशाला. अहो, बॉनमधल्या माणसाला तुमचं तोंड दिसत नाही, सही कुणाची हे कुणीतरी बघायला नको? आणि रजिस्ट्रेशनची रिक्वेस्ट तीच संस्था टाकते, तुम्ही नाही. मग बोर्डाचे तीन सदस्य किंवा प्रोजेक्टशी संबंधित देश रिव्ह्यू मागू शकतो. एका उत्साही क्लायंटने तर बोर्डाच्या सदस्याला थेट मेल टाकायची तयारी केली होती, मी ड्राफ्टमध्येच डिलीट करायला लावला. बोर्डाला लिहायचंच तर त्याचा ठरलेला रस्ता आहे, सचिवालयातून. तसंच नवीन पार्टिसिपंट घ्यायचा तर एमओसीचं परिशिष्ट भरून भागत नाही, त्या देशाच्या डीएनएचं, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी यंत्रणेचं, अधिकृत पत्रही लागतं, आणि ते सरकारी पत्र कधी येईल ते देव जाणे.

माझं मत विचाराल तर पहिला कप्पा जॉइंट, तिसरा शेअर्ड कारण साध्या खुलाशाला दहा सह्या गोळा करण्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्यावर डोकं सगळ्यात जास्त लावा, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती त्यातूनच जाते. बरेच जण नेमका तिथेच कॉपी-पेस्ट करतात.

आता सीडीएमच्या जागी पॅरिस कराराच्या कलम ६.४ ची नवी क्रेडिट व्यवस्था आली, २०२१ मध्ये ग्लासगोला नियम ठरले, बोर्डाच्या जागी १२ जणांची सुपरवायझरी बॉडी, पार्टिसिपंटला आता ॲक्टिव्हिटी पार्टिसिपंट म्हणायचं. जुने प्रोजेक्ट इकडे आणायचा अर्ज करायची मुदत ३१ डिसेंबर २०२३ ला संपली, तेव्हा कुणाकुणाचे जुने सिग्नेटरी शोधायला धावाधाव झाली ते मी जवळून पाहिलंय. एक तर रिटायर होऊन मुलीकडे राहायला गेले होते. आणि एमओसी? तो तसाच आलाय नव्या घरात, फोकल पॉइंट वगैरे सगळं घेऊन.

परवाच्या त्या पिवळ्या नोटवाल्यांना मी तीनच प्रश्न पाठवलेत. प्रायमरी कोण, अल्टरनेट कोण, आणि दोघांपैकी कुणी नोटीस पिरियडवर आहे का. तिसऱ्याचं उत्तर आलं, 'का हो, तुम्हाला कुणी सांगितलं?'