तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तुम्ही इंडियन भाषा बोलता ना?’ याला काय उत्तर द्यायचं

परदेशात नव्याने आलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात: ऑफिसात, शेजारपाजारी लोक भारताबद्दल काहीही समजून बसलेले असतात, त्यांना सांगायचं तरी काय? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

यातले बरेच समज धडधडीत खोटे नसतात, अर्धवट खरे असतात. त्यामुळे ‘छे छे, तसं काही नाही’ अशी सुरुवात केली की तिथेच फसायला होतं. जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करावं, उरलेलं दुरुस्त करावं आणि हे सगळं अर्ध्या मिनिटात आटोपावं. डबा खाता खाता विचारणाऱ्याला व्याख्यान नको असतं.

भाषेचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा, पण तिथे आपलेच लोक चुकतात. ‘हिंदी आमची राष्ट्रभाषा’ असं ठोकून देतात. राज्यघटनेने कुठल्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेलं नाही. कलम 343 प्रमाणे देवनागरीतली हिंदी ही केंद्राची राजभाषा, तिच्या जोडीला इंग्रजी चालू आहे आणि आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. अर्थात समोरच्याला कलमं ऐकवू नका. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले सुमारे 8 कोटी 30 लाख लोक होते. ‘जर्मनीत जेवढी माणसं राहतात, साधारण तेवढ्यांची माझी भाषा आहे, आणि ती देशातल्या अनेकांपैकी एक,’ एवढं पुरतं. महाराष्ट्र क्षेत्रफळाने इटलीपेक्षा किंचित मोठा आहे, हेही हाताशी ठेवा. नकाशा समोर असेल तर फार उपयोगी पडतं.

‘तुमच्याकडे कायम उकाडाच ना?’ याला सातारा जिल्हा पुरे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात जेमतेम त्याचा दहावा हिस्सा.

जेवणाचं मात्र नीट सांगावं लागतं, कारण तिथे चूक झाली तर उपाशी राहायची वेळ येते. सगळे भारतीय शाकाहारी, हा समज सर्वत्र आहे. ‘प्यू’ या संशोधन संस्थेच्या 2021 च्या अहवालात 39 टक्के प्रौढांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं होतं, म्हणजे बहुसंख्य नाहीत. कोणी जेवायला बोलावलं तर देश-धर्म मध्ये न आणता स्वतःपुरतं बोला. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. कित्येकांच्या लेखी मासे त्यात बसतात. अंडं चालतं का, सूपमध्ये चिकनचा किंवा हाडांचा स्टॉक चालतो का, गोडातलं जिलेटिन, चीजमधलं वासराच्या पोटातलं रेनेट, हे एकेक करून आदल्या दिवशीच सांगावं. ताटावर बसून सांगितलं तर यजमानांची पंचाईत होते.

खरी गडबड होते ती आपण फुशारकी मारायला लागलो की. ‘आमची खाद्यसंस्कृती पाच हजार वर्षं जशीच्या तशी’ म्हणणाऱ्याने उपासाच्या खिचडीकडे बघावं. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, मिरची, शेंगदाणे, चारही मूळचे अमेरिका खंडातले; कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतरच ते इकडे पोचू शकले. एकादशीला हे चालतात आणि कांदा चालत नाही! ही गंमत सांगितली तर ऐकणारा रमतो. पाच हजार वर्षं सांगितली तर मान डोलावून विषय बदलतो. तीच गत ‘युनेस्कोने आमचं राष्ट्रगीत सर्वोत्तम ठरवलं’ याची. तसं काही झालेलं नाही, आणि समोरचा तिथल्या तिथे फोनवर बघतो. ‘नासा म्हणते संस्कृत संगणकाला सर्वांत योग्य’ यामागे 1985 साली नासाशी संबंधित एका संशोधकाने लिहिलेला लेख आहे, संस्थेचा निर्णय नाही. अशी एक थाप पकडली गेली की तुमची पुढची दहा खरी उत्तरंही पाण्यात.

गरिबीबद्दल विचारलं की आपल्याकडे मंगळयानाचं नाव घ्यायची खोड आहे. ते 2014 मध्ये मंगळाच्या कक्षेत पोचलं हे खरंच, पण प्रश्न तो नव्हता. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतली सुमारे चाळीस टक्के कुटुंबं झोपडपट्टीत राहत होती, हे सरळ सांगावं. मग सांगावं की धारावीत लोक नुसते राहत नाहीत. तिथे चामड्याच्या वस्तू बनतात, प्लास्टिक वेगळं करून पुन्हा वापरात येतं, कुंभारवाड्यात भट्ट्या लागतात.

जातीचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तिथे पळवाट काढलेली लगेच कळते. ‘आता कोणी पाळत नाही’ हे वाक्य बहुधा ज्याला जातीची झळ लागलेली नाही तोच म्हणतो. कलम 17 ने अस्पृश्यता रद्द केली, 1989 मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, आणि तरीही वधू-वर जाहिरातींचे रकाने जातीप्रमाणे लावलेले असतात, लग्नं मुख्यत्वे जातीतच होतात. तिन्ही गोष्टी एका दमात सांगा. एकच सांगितली तर उत्तर अपुरं राहतं.

कोणी मुद्दाम खोचक विचारलं, वास, साप, उच्चारांची नक्कल वगैरे, तर आकडे वाया घालवू नका. ‘हे कुठे ऐकलंत?’ एवढंच शांतपणे विचारा आणि गप्प राहा. ऑफिसात तेच तेच पुन्हा होत असेल तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार करायची झाली तर मनुष्यबळ विभाग तेच मागतो.