केळीचे खांब, चार नग

रावेर तालुक्यातल्या एका लग्नाचं कोटेशन. पाच पानं, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर राजस्थानातला कुठला तरी महाल. तिसऱ्या पानावर ‘एंट्री गेट’च्या खाली ओळ आहे: केळीचे खांब, चार नग. समोर चार आकडी रक्कम. आणि हे त्या गावात, जिथे घड उतरला की खोडं बांधावर पडून राहतात आणि कोणी न्यायला आला तर मालक वर चहा पाजतो.

हसू येतं खरं. पण वेडिंग प्लॅनर अगदीच चुकलेला नाही. खांब फुकट आहे, त्याची उठाठेव फुकट नाही. मे महिन्यात सकाळी दहाला तोडलेला खांब दुपारी मान टाकतो. तो पहाटे तोडायचा, बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळायचं, पानं वर धरून सुतळीने सैल बांधायची आणि मुहूर्ताच्या तासभर आधी सोडायची. आधी सोडली तर गरम वारा त्यांच्या झिरमिळ्या करतो. एवढं करणार असेल तर घेऊ देत पैसे. करणार आहे का, हे मात्र त्या ओळीत नाही.

प्लॅनर निवडताना लोक अल्बम बघतात. अल्बममध्ये ऊन नसतं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना शिवतो, म्हणून पहिला प्रश्न फुलांचा नाही, कूलरचा. कूलर किती, हे सगळेच सांगतात. हवा बाहेर कुठून जाणार, हे विचारा. आपली कोरडी हवा कूलरला मानवते, पण हॉल चारी बाजूंनी पडदे लावून बंद केला की अर्ध्या तासात आत दमट होतं आणि पैठण्या अंगाला चिकटतात. कूलरच्या समोरची बाजू उघडी हवी. त्या बाजूला नेमकं स्टेजचं बॅकड्रॉप येतं. शिवाय टाक्या भरायला स्वतंत्र माणूस आणि पाण्याचा वेगळा टँकर लागतो, नाहीतर तेच पाणी आचारी मागतो आणि दोघांची जुंपते. जनरेटर कोटेशनमध्ये असतोच. डिझेल कोणाचं, ते नसतं.

दुसरा प्रश्न: बट्टी कधी तळणार?

या एका प्रश्नावर माणूस कळतो. हळदीच्या जेवणाला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, हे काही मेनूकार्डातलं ‘लाइव्ह काउंटर’ नव्हे. बट्टीला गहू जाडसर दळलेला हवा, त्यात थोडा मका, ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं सढळ मोहन. शंभर माणसांना बारा-तेरा किलो पीठ, पाच-सहा किलो तूरडाळ धरावी. पीठ बारीक आलं तर बट्टी चिवट होते, मोहन कमी पडलं तर दगड. उंडे वाफवून, निववून, कापून ठेवता येतात. तळणं मात्र पंगत बसायला लागली की सुरू व्हायला हवं. दुपारी चारला तळून थर्माकोलच्या डब्यात भरलेली बट्टी रात्री आठला वरणातही फुटत नाही. ‘सकाळीच तळून ठेवू, टेन्शन नाही,’ असं जो म्हणतो त्याचा चहा पिऊन उठावं. ‘पंगत किती माणसांची? कढया किती लागतील?’ असं जो उलट विचारतो, त्याच्याशी पैशाचं बोलावं.

हे प्रश्न पूर्वी कोठीवरचा माणूस विचारायचा. प्रत्येक भाऊबंदकीत असा एक काका असे. कमरेला किल्ली, कानावर पेन्सिल, मांडीवर वही. पाच किलो साखर मागितली की तीन द्यायचा आणि ‘लागली तर ये’ म्हणायचा. अख्खं लग्न त्याला मंडप दिसत नसे, अंतरपाट धरला गेल्याचं वाजंत्रीवरून कळे. जेवायला शेवटच्या पंगतीला, वाढप्यांबरोबर. त्याला टॉवेल-टोपी द्यायला लोक हमखास विसरत आणि तो हमखास ते लक्षात ठेवे.

आता कोठी केटररकडे आणि हिशोब ताटावर. ताटाच्या हिशोबात ‘गॅरंटी’ नावाचं भूत असतं. 800 ताटांची गॅरंटी दिली आणि 650 माणसं जेवली, तरी पैसे 800 चे. म्हणून अंदाजाच्या ऐंशी टक्क्यांवर थांबावं आणि वरच्या ताटांचा दर आधीच लिहून घ्यावा. बुफेत एकच माणूस दोन ताटं घेतो, पोरं आइस्क्रीमसाठी तिसरं. ताटांच्या थप्पीपाशी घरचा एक जण बसवावा, सुरुवातीची आणि उरलेली ताटं मोजून दोघांच्या सह्या घ्याव्यात. या कामाला जावई देऊ नये. का ते सांगायला नको.

दाट तिथीला, विशेषतः आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकेक प्लॅनर चार-चार लग्नं घेतो. बोलणी करायला आलेला गोड माणूस त्या दिवशी तिसऱ्याच गावात असतो आणि आपल्याकडे कानात इअरफोन घातलेला एक पोरगा, ज्याला व्याही कोण आणि वाढपी कोण हे माहीत नसतं. प्रत्यक्ष कोण उभं राहणार, त्याचं नाव कागदावर घ्यावं. डीजे रात्री दहाला बंद करायचा आहे, हे नवरदेवाच्या मित्रांना तोच सांगणार, हेही. जीएसटी धरून की वर वेगळा, तेही. पंचवीस टक्के बयाणा, निम्मे दहा दिवस आधी आणि उरलेले मंडप उतरल्यावर, खुर्च्या-गालिचे मोजून झाल्यावर. ‘इतर खर्च’ ही ओळ दिसली की तिथेच पेनने खोडावी.

आणि सुतक. कोटेशनच्या शेवटच्या पानावर पूर, भूकंप, दंगल, सगळं बारीक अक्षरात असतं. घरात कोणी गेलं तर काय, हे नसतं. तारीख पुढे ढकलली तर बयाणा त्याच लग्नात वळता होणार की बुडणार, किती दिवसांत नवी तिथी सांगायची, त्या तिथीला प्लॅनर रिकामा नसला तर काय, हे तीन मुद्दे लिहून घ्यावेतच. घ्यायला कोणी धजत नाही, अशुभ वाटतं. तो कागद ओसरीवर वाचू नये. तिथे आजी बसलेली असते, आणि तिला ऐकू कमी येतं हा घरच्यांचा समज आहे.